मुंबई बेटांच्या इतिहासातील स्थित्यंतरे

मुंबई बेटांच्या इतिहासातील स्थित्यंतरे म्हणजे कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही सात बेटे व त्यांच्या उत्तरेस असलेले साष्टी बेट यांच्या इतिहासातील प्रमुख वळणे होत. या लेखात अश्मयुगापासून इ.स. १६६८पर्यंतच्या, म्हणजे बेटांचा ताबा इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीकडे जाईपर्यंतच्या काळाचा आढावा घेतला आहे.

मुंबईचा इतिहास पोर्तुगीज किंवा इंग्रज आगमनापासून सुरू होतो आणि त्यापूर्वी येथे केवळ मच्छीमारांच्या विखुरलेल्या वस्त्या होत्या, असा समज रूढ आहे. उपलब्ध पुरावा त्याला दुजोरा देत नाही. दगडी हत्यारे, अशोककालीन लेख, बौद्ध व शैव लेणी, मराठी ओळ असलेला बाराव्या शतकातील शिलालेख, पंधराव्या शतकातील दर्गा आणि सोळाव्या शतकातील चर्च हे सर्व या बेटांवर किंवा त्यांच्या अगदी लगत आढळते. मानवी इतिहासातील बहुतेक मोठी वळणे येथपर्यंत पोहोचली. त्यांतील बरीचशी सोपारा, कल्याण, ठाणे व चौल या बंदरांतून, म्हणजे समुद्र आणि खाडीच्या वाटेने आली.

## भौगोलिक पार्श्वभूमी

सात बेटे भरतीच्या पाण्याने, खाजणांनी आणि उथळ खाड्यांनी एकमेकांपासून विभागलेली होती. ओहोटीच्या वेळी काही बेटांमधील अंतर पायी ओलांडता येत असे. उत्तरेकडील माहीमची खाडी सात बेटांना साष्टीपासून वेगळे करीत असे. साष्टीच्या उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी आणि त्यापलीकडे उल्हास नदीच्या मुखावरून कल्याणला जाणारा जलमार्ग होता. कल्याणहून नाणेघाट व थळघाट या वाटांनी जुन्नर, नाशिक आणि पैठणकडे जाता येई. घाटमाथ्यावरील बाजारपेठा आणि अरबी समुद्र यांना जोडणाऱ्या या मार्गाच्या तोंडाशी मुंबई बेटे होती.

आजचा प्रभादेवी परिसर माहीम, वरळी आणि परळ या तीन बेटांच्या सीमेजवळ येतो. जुन्या नोंदींत तो खालच्या माहीमचा भाग मानला जाई. प्रभावती देवीच्या मंदिरावरून या भागाला नाव मिळाले. पश्चिम रेल्वेवरील एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८मध्ये प्रभादेवी असे करण्यात आले.

समुद्राची पातळी या प्रदेशात नेहमी एकसारखी नव्हती. इ.स. १८८०मध्ये सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात पाण्याच्या पातळीखाली, मूळ जागी उभे असलेले झाडांचे बुंधे सापडले होते. आजच्या किनाऱ्याचा काही भाग एके काळी कोरडी वनभूमी होता, हे त्यावरून दिसते.

## प्रागैतिहासिक काळ

मुंबई परिसरातील अश्मयुगीन अवशेषांचा पद्धतशीर शोध विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नौदल अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी घेतला. साष्टीतील कांदिवली येथे ओढ्याकाठच्या दगडगोट्यांच्या व मातीच्या थरांत त्यांना पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली. खालच्या थरांत हातकुऱ्हाडी व फरश्यांसारखी मोठी हत्यारे, तर वरच्या थरांत छिलक्यांची आणि पात्यांची लहान हत्यारे होती. टॉड यांनी याविषयीचे निबंध १९३०च्या दशकात प्रसिद्ध केले. पुढे १९५०मध्ये त्यांनी मुंबई परिसरातील सूक्ष्मास्त्रांवरही लेखन केले.

सूक्ष्मास्त्रे म्हणजे लाकडी किंवा हाडाच्या खोबणीत बसवायची बारीक दगडी पाती होत. त्यांच्यापासून बाण, भाले व विळ्यांसारखी जोडहत्यारे तयार करीत. अशी हत्यारे वापरणारे गट शिकार, मासेमारी आणि कंदमुळे गोळा करणे या सर्वांवर जगत. समुद्रकिनारी त्यांना वर्षभर अन्न मिळण्याची शक्यता अधिक होती.

शेती हे मानवी इतिहासातील पुढचे मोठे वळण होय. महाराष्ट्रात त्याचे उत्तम पुरावे घाटमाथ्यावर मिळतात. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. त्यात घरे, धान्य साठवण्याच्या बळदी, पाण्याचा पाट आणि घरातच केलेली दफने आढळली. अहमदनगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर जिल्हा) दायमाबाद येथे १९७४मध्ये ब्राँझची चार भारी शिल्पे मिळाली. कोकण किनाऱ्यावर मात्र मासेमारी, मीठ आणि पुढे भातशेती यांवर आधारलेली वेगळी जीवनपद्धती रुजली. मुंबई बेटांवरील कोळी समाज या किनारी परंपरेचा सर्वांत जुना वारसदार मानला जातो. वरळी, माहीम व शीव येथील कोळीवाडे आजही अस्तित्वात आहेत.

## लेखन, राज्यसंस्था आणि सागरी व्यापार

### सोपाऱ्याचे अशोकलेख

मुंबई परिसरात लिपी आणि संघटित राज्यसंस्था यांचा सर्वांत जुना निश्चित पुरावा सोपारा (आताचे नालासोपारा) येथे मिळतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२मध्ये तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा काही भाग १९५६मध्ये जवळच्या भुईगाव येथे मिळाला. आठव्या लेखात राजाने शिकारीच्या सहलींऐवजी धर्मयात्रा सुरू केल्याचे सांगितले आहे. नवव्या लेखात निरर्थक मंगलविधींपेक्षा सदाचरण श्रेष्ठ असल्याचे प्रतिपादन आहे. दोन्ही लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात मगधातील सम्राटाचा आदेश कोकणातील बंदरात लोकभाषेत कोरला गेला, यावरून त्या बंदराचे महत्त्व कळते. भगवानलाल इंद्रजी यांनी त्याच वर्षी सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन केले. त्यात एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, बुद्धमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले.

### सातवाहन, क्षत्रप आणि रोमन व्यापार

इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण व चौल परिसरातील बंदरांचा उल्लेख आहे. कल्याण पूर्वी अधिकृत बंदर होते. परंतु सत्ता बदलल्यावर तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. बंदरांवरील या चढाओढीमागे सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांचा संघर्ष होता. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षत्रप नहपानाचा पराभव केला. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६मध्ये नहपानाच्या १३,०००हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उठवलेली आहे.

मोसमी वाऱ्यांचा उपयोग करून तांबड्या समुद्रातून थेट भारताकडे येण्याचे तंत्र भूमध्य समुद्राकडील खलाशांच्या हाती आल्यावर हा व्यापार वाढला. भारतातून कापड, मिरी, मौल्यवान खडे व हस्तिदंत जाई. तिकडून मद्य, काच, पोवळे आणि सोन्याचांदीची नाणी येत. टॉलेमीने दुसऱ्या शतकात उल्लेखिलेली 'हेप्टानेसिया' म्हणजे सप्तद्वीपे ही मुंबईचीच बेटे, असे अनेक अभ्यासक मानतात. ही ओळख सर्वमान्य नाही.

### कान्हेरी

साष्टीतील कान्हेरी येथे शंभरहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यांचे कोरीव काम इ.स.च्या पहिल्या शतकापासून सुमारे दहाव्या शतकापर्यंत चालले. लेण्यांतील लेखांत सोपारा, कल्याण, चौल, नाशिक इत्यादी ठिकाणच्या दात्यांची नावे येतात. त्यांत व्यापारी, सोनार, भिक्षुणी व गृहिणी आहेत. केवळ राजाश्रयावर नव्हे, तर व्यापाऱ्यांच्या व कारागिरांच्या दानावर हे केंद्र उभे राहिले. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळींतून टाक्यांत साठवण्याची येथील व्यवस्था आजही पाहता येते.

कान्हेरीत इ.स. १००९ व १०२१ या वर्षांचे पहलवी भाषेतील लेख आहेत. लेणी पाहण्यास आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे तेथे कोरली. पश्चिम किनाऱ्यावरील पारशी वस्तीच्या सर्वांत जुन्या निश्चित पुराव्यांत त्यांची गणना होते.

## शैव लेणी आणि परळचे शिल्प

सहाव्या शतकाच्या सुमारास या प्रदेशात राजाश्रयाचा ओघ शैव पंथाकडे वळला. घारापुरीचे मोठे लेणे व साष्टीतील जोगेश्वरी येथील लेणे याच परंपरेतील आहेत. घारापुरीचे श्रेय बहुतेक अभ्यासक कलचुरी राजवटीला देतात. बेटावर सापडलेली कृष्णराजाची नाणी हा त्यामागील एक आधार आहे.

खुद्द सात बेटांवरील या काळाचा सर्वांत महत्त्वाचा अवशेष परळ येथील शिवशिल्प हा होय. परळ व शिवडी यांना जोडणाऱ्या रस्त्याचे काम चालू असताना १९३१मध्ये हे शिल्प सापडले. सुमारे साडेतीन मीटर उंचीच्या एकाच शिळेत मधल्या उभ्या मूर्तीतून वर व बाजूंना इतर मूर्ती उमलाव्यात अशी त्याची रचना आहे. एकूण सात शिवमूर्ती असून पायथ्याशी गणांच्या आकृती आहेत. शैलीवरून त्याचा काळ पाचवे-सहावे शतक असा ठरविला जातो. हे शिल्प परळच्या बारादेवी मंदिरात पूजेत आहे. इतके मोठे व प्रगल्भ शिल्प घडवणारे कारागीर आणि त्याचा खर्च सोसणारे आश्रयदाते त्या काळी या भागात होते, ही गोष्ट बेटांवर केवळ मासेमारी होती या समजाशी विसंगत आहे.

इ.स. ६३४च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने कोकणच्या मौर्यांचा पाडाव करून 'पुरी' ही किनारी नगरी शेकडो नौकांनिशी जिंकल्याचे वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी, असे एक मत आहे. त्यानंतर काही वर्षांतच ठाण्यावर अरबांची सागरी स्वारी झाल्याची नोंद अरब इतिहासकार बलाधुरी याने केली आहे. पुढील शतकांत अरबांशी असलेला संबंध मुख्यतः व्यापाराचा राहिला. इ.स. ९१६च्या सुमारास मसूदी हा प्रवासी चौलला आला, तेव्हा तेथे मुस्लिम व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती आणि तिचा स्वतःचा प्रमुख होता.

## शिलाहार काळ

सुमारे इ.स. ८०० ते १२६५ या काळात उत्तर कोकणावर शिलाहार घराण्याचे राज्य होते. आरंभी ते राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. ठाणे हे त्यांचे प्रमुख केंद्र होय. अंबरनाथचे शिवमंदिर (इ.स. १०६०) त्यांच्याच काळातील आहे. मुंबईतील वाळकेश्वर व बाणगंगा यांचा संबंधही परंपरेने याच घराण्याशी जोडला जातो.

### परळचा शिलालेख

परळ येथे सापडलेला शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याचा इ.स. ११८७चा शिलालेख मराठी भाषेच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतमध्ये असून त्यात देवस्थानाला दिलेल्या दानाची नोंद आहे. शेवटी दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी मात्र मराठीत आहे. तिच्याखाली गाढव आणि स्त्री यांचे चित्र कोरलेले असल्याने अशा दगडाला 'गधेगाळ' म्हणतात.

भाषेची ही विभागणी अर्थपूर्ण आहे. राजाची वंशावळ व दानाचा तपशील पंडितांसाठी होता, तर शाप गावातील प्रत्येकाला समजणे आवश्यक होते. ज्यांना अक्षर वाचता येत नसे, त्यांच्यासाठी चित्र होते. लोकभाषांनी लेखी व्यवहारात प्रवेश करणे हे त्या काळातील व्यापक स्थित्यंतर होते. युरोपातही याच शतकांत लॅटिनच्या जोडीने फ्रेंच, इटालियन आदी भाषा लेखनात रूढ होत होत्या.

### शिलाहार सत्तेचा शेवट

शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा देवगिरीच्या महादेव यादवाने पराभव केला. यादवांच्या हत्तीदलापुढे माघार घेऊन त्याने समुद्राचा आश्रय घेतला व तो तेथेच बुडाला, असा वृत्तांत हेमाद्रीच्या ग्रंथात आहे. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर वल्ह्यांच्या युद्धनौकांची रांग, चढाई आणि वीरांचे स्वर्गगमन कोरलेले आहे. काही अभ्यासक त्यांचा संबंध याच युद्धाशी जोडतात. इतर अभ्यासक ते वीरगळ अधिक जुने मानतात.

## बिंब राजवट आणि प्रभादेवी

यादवांच्या पडत्या काळात बिंब घराण्याने माहीम येथे राजधानी वसवली, असे 'महिकावतीची बखर' सांगते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही बखर संपादित करून १९२४मध्ये प्रसिद्ध केली. बखरीत वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली प्रकरणे आहेत. बिंब राजाबरोबर अनेक कुळे उत्तर कोकणात आली, त्यांना गावे व वतने मिळाली आणि त्यांनी आपल्या कुलदेवता येथे स्थापन केल्या, असे तीत म्हटले आहे. पाठारे प्रभू, सोमवंशी क्षत्रिय पाचकळशी आदी समाज आपल्या स्थलांतराचा इतिहास या परंपरेशी जोडतात.

प्रभादेवी येथील प्रभावती देवीची परंपरा याच काळापर्यंत मागे नेली जाते. स्थानिक परंपरेनुसार परचक्राच्या वेळी मूर्ती विहिरीत लपवण्यात आली व पुढे ती पुन्हा सापडल्यावर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मंदिर बांधण्यात आले. पौष महिन्यात येथे जत्रा भरते. मूर्ती लपवणे आणि ती पुन्हा सापडणे ही कथा कोकणातील अनेक देवस्थानांबद्दल सांगितली जाते. तिच्यातील तपशील तपासता येत नसला, तरी चौदाव्या ते सतराव्या शतकांतील सत्ताबदलांची स्मृती तिच्यात टिकून आहे.

बिंब राजा नेमका कोण, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. गुजरातमधील अणहिलवाड्याहून आलेला बाराव्या शतकातील प्रताप बिंब हा एक पक्ष, अल्लाउद्दीन खल्जीच्या स्वारीनंतर (इ.स. १२९६) कोकणात उतरलेला रामदेवराय यादवाचा पुत्र हा दुसरा. बखरीतील महिकावती म्हणजे मुंबईचे माहीम की पालघर जिल्ह्यातील केळवे-माहीम, हाही वादाचा मुद्दा आहे.

## सल्तनत काळ

देवगिरीचे राज्य १३१८च्या सुमारास दिल्ली सल्तनतीत विलीन झाले व कोकणातील बंदरांवर तिचे अधिकारी आले. इ.स. १३२१मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मप्रसारकांना ठार करण्यात आले. त्यांच्या सोबतचा जॉर्डनस हा धर्मोपदेशक व नंतर आलेला ओडोरिक यांच्या वृत्तांतांमुळे ठाण्याचे नाव युरोपात पोहोचले. वास्को द गामा येण्यापूर्वी पावणेदोनशे वर्षे युरोपीय लोक या किनाऱ्याशी परिचित होते.

पंधराव्या शतकाच्या आरंभी गुजरातमध्ये स्वतंत्र सल्तनत स्थापन झाली आणि माहीम हे तिचे दक्षिणेकडील ठाणे बनले. इ.स. १४२९ ते १४३१च्या सुमारास बहमनी सेनापतीने माहीम जिंकले; गुजरातच्या आरमाराने व सैन्याने ते परत मिळवले.

याच माहीममध्ये मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे सूफी विद्वान होऊन गेले. त्यांनी कुराणावर अरबी भाषेत भाष्य लिहिले. ते नवायत, म्हणजे किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या अरबवंशीय समाजातील होते. माहीम येथील त्यांचा दर्गा आजही सर्वधर्मीय श्रद्धास्थान आहे. हिंदी महासागराच्या काठाने पसरलेल्या अरबी ज्ञानपरंपरेचे माहीम हे एक केंद्र होते, हे त्यांच्या लेखनावरून दिसते.

## पोर्तुगीज काळ

### वसईचा तह

वास्को द गामा १४९८मध्ये कालिकतला पोहोचला. त्यानंतर तोफा बसवलेल्या समुद्रगामी जहाजांच्या बळावर पोर्तुगिजांनी अरबी समुद्रातील व्यापारावर नियंत्रण मिळवण्यास आरंभ केला. १५०८मध्ये चौलजवळ इजिप्त व गुजरातच्या आरमाराने त्यांचा पराभव केला. १५०९मध्ये दीवच्या लढाईत पोर्तुगिजांचा निर्णायक विजय झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी गोवा घेतला.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह उत्तरेकडून मुघल बादशाह हुमायूनच्या दडपणाखाली आला. पोर्तुगिजांचे साहाय्य मिळावे म्हणून त्याने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश त्यांना दिला. मुंबईची बेटे त्यातच होती. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईहून परवाना घ्यावा, अशीही अट होती. पोर्तुगीज भाषेत या परवान्याला 'कर्ताझ' म्हणत. पोर्तुगीज येण्यापूर्वी या समुद्रात कोणालाही परवान्याविना जहाज नेता येत असे. समुद्रावरच मालकी सांगून कर वसूल करणे ही नवी गोष्ट होती.

### जमीन, धर्म आणि भाषा

पोर्तुगिजांनी गावे लष्करी सेवेच्या व खंडाच्या बदल्यात आपल्या लोकांना व धर्मसंस्थांना दिली. या खंडाला 'फोरो' म्हणत. मुंबईतील 'फोरास' जमिनी व फोरास रोड ही नावे त्यावरूनच आली. फ्रान्सिस्कन व जेझुइट धर्मसंघांनी चर्च बांधली. प्रभादेवीच्या उत्तरेस दादर येथे १५९६मध्ये स्थापन झालेले साल्व्हासांव चर्च 'पोर्तुगीज चर्च' म्हणून ओळखले जाते. त्याची सध्याची इमारत १९७०च्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्याप्रमाणे बांधण्यात आली.

या काळात मंदिरे पाडली गेली आणि धर्मांतराचा दबाव वाढला. दुसरीकडे अमेरिका खंडातून मिरची, काजू, पेरू, अननस व तंबाखू या प्रदेशात आले. मिरचीने मिरीची जागा घेतली आणि कोकणातील रोजचा स्वयंपाक बदलला. चावी, बादली, पगार, तुरुंग, घमेले, पाव हे मराठीत रुळलेले शब्द पोर्तुगीज संपर्कातून आले.

### गार्सिया द ओर्ता

युरोपातील प्रबोधन आणि धर्मसंघर्ष हे दोन्ही मुंबईशी ज्या व्यक्तीच्या रूपाने जोडले गेले, ती म्हणजे गार्सिया द ओर्ता हा वैद्य. तो सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू कुटुंबातील होता व १५३४मध्ये गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारातही त्याने वैद्यकी केली. १५५४च्या सुमारास मुंबईचे बेट त्याला खंडाने मिळाले. बेटावरील त्याच्या वाड्याच्या जागी पुढे मुंबईचा किल्ला वाढला.

भारतातील औषधी व वनस्पतींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३मध्ये गोव्यात छापला गेला. गोव्यातील छापखाना १५५६मध्ये सुरू झाला होता व तो भारतातील पहिला होय. ग्रीक व अरब ग्रंथकारांपेक्षा प्रत्यक्ष पाहणीला अधिक महत्त्व देणे हे ओर्ताचे वैशिष्ट्य होते. कार्लुस क्लुसिउस याने १५६७मध्ये ग्रंथाचा लॅटिन सारांश काढल्यावर तो युरोपभर वाचला गेला.

गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन १५६०मध्ये स्थापन झाले होते. ओर्ताच्या मृत्यूनंतर त्याच्या बहिणीला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९मध्ये जाळण्यात आले. १५८०मध्ये ओर्ताची हाडे उकरून काढून तीही जाळण्यात आली.

## हस्तांतर (१६६१–१६६८)

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार २३ जून १६६१ रोजी झाला. त्यात मुंबईचे बंदर व बेट इंग्लंडच्या राजाला देण्यात आले. स्पेन व डच यांच्याविरुद्ध इंग्लंडची मदत मिळवणे हा पोर्तुगालचा हेतू होता. गोव्यातील व वसईतील पोर्तुगिजांना मात्र हे हस्तांतर मान्य नव्हते. ताबा घेण्यास आलेले इंग्रज सैन्य कारवारजवळील अंजदीव बेटावर अडकून पडले. सेनापती अब्राहम शिपमन व बहुसंख्य सैनिक तेथेच मरण पावले. अखेर हम्फ्री कुक याने १८ फेब्रुवारी १६६५ रोजी ताबा घेतला.

करारातील 'मुंबई बेट' म्हणजे नेमके काय, यावरून वाद झाला. पोर्तुगिजांच्या मते माहीम, वरळी, परळ व शीव त्यात येत नव्हते. कुकने माहीम बळकावले; पोर्तुगिजांनी वांद्रे व ठाणे येथे जकात लावून मुंबईकडे जाणाऱ्या नावांची कोंडी केली. आजच्या प्रभादेवीची भूमी याच वादग्रस्त भागात होती.

हे बेट राजाला खर्चाचे वाटले. २७ मार्च १६६८च्या सनदेने त्याने ते वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले व २३ सप्टेंबर १६६८ रोजी प्रत्यक्ष ताबा कंपनीकडे गेला. व्यापारासाठी स्थापन झालेल्या भागधारकांच्या संस्थेला प्रजा, न्यायदान, सैन्य व नाणी यांवर अधिकार मिळाला. याच काळात छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेऊन (१६५७) आरमाराची उभारणी सुरू केली होती. साष्टी व वसई मराठ्यांनी १७३७ ते १७३९च्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून जिंकून घेतली.

## तुलनात्मक कालपट

| काळ | मुंबई बेटे व परिसर | अन्यत्र |
|---|---|---|
| इ.स.पू. ३रे शतक | सोपारा येथे अशोकाचे लेख | रोम व कार्थेज यांचे पहिले युद्ध |
| इ.स. १ले–२रे शतक | सोपारा, कल्याणचा भरभराटीचा काळ. कान्हेरीचा आरंभ | रोमन साम्राज्याचा विस्तार |
| ६वे शतक | घारापुरी, जोगेश्वरी | जस्टिनियनची कारकीर्द |
| ११८७ | परळचा शिलालेख | सलादिनकडून जेरुसलेमचा पाडाव |
| १५३४ | वसईचा तह | इंग्लंडचे चर्च रोमपासून विभक्त |
| १५६३ | ओर्ताचा ग्रंथ | ट्रेंटच्या धर्मपरिषदेची सांगता |
| १६६८ | कंपनीला मुंबईचा ताबा | स्पेनची पोर्तुगालच्या स्वातंत्र्यास मान्यता |

## कालविभागणीचा प्रश्न

प्राचीन, मध्ययुगीन व आधुनिक ही विभागणी युरोपच्या इतिहासातून आली आहे. रोमन सत्तेचा ऱ्हास व प्रबोधन या दोन घटनांभोवती ती रचलेली आहे. मुंबई परिसराला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. पश्चिम युरोपात शहरे व दूरचा व्यापार आक्रसत असल्याचे सांगितले जाते, त्या शतकांत चौल व ठाणे अरब, पारशी व गुजराती व्यापाऱ्यांनी गजबजलेली होती. कान्हेरीतील कोरीव काम तर प्राचीन व मध्ययुगीन मानल्या जाणाऱ्या दोन्ही काळांत सलग चालू राहिले. त्यामुळे राजवटींपेक्षा बंदरे, भाषा, जमिनीवरील हक्क आणि समुद्रावरील नियंत्रण यांतील बदलांना स्थित्यंतराचे निकष मानणे अधिक उपयुक्त ठरते.

## अवशेषांची स्थिती

या इतिहासाचे पुरावे दाट लोकवस्तीत आहेत. कांदिवलीतील अश्मयुगीन थरांच्या भागात शहर वाढले असून टॉड यांच्या नोंदी व संग्रहांवर अभ्यासकांना मोठ्या प्रमाणावर अवलंबून राहावे लागते. जोगेश्वरी लेण्याच्या भोवती घरांची गर्दी झाली आहे. एकसरचे वीरगळ वस्तीत उभे आहेत. गधेगाळ व वीरगळ पुष्कळदा शेंदूर लावून ग्रामदेवता म्हणून पुजले जातात. त्यामुळे ते नष्ट होण्यापासून वाचतात. मात्र त्यांवरील अक्षरे झाकली जाऊन वाचन अवघड होते. परळचे शिवशिल्प रस्त्याच्या कामात अनपेक्षितपणे हाती लागले. मुंबईत आजही सातत्याने खोदकाम होत असल्याने, मिळालेल्या वस्तूची जागा व थर यांची तत्काळ नोंद होणे या इतिहासाच्या पुढील अभ्यासासाठी निर्णायक आहे.